दुसऱ्याचा घोटा

मानवी देहातील अवयवांपैकी घोट्याइतका उपेक्षित अवयव दुसरा नसावा. डोळ्यांवर कवींनी उदंड लिहिले, हृदयाला तर त्यांनी उसंतच दिली नाही, चरणांची पूजा झाली. पण पाऊल आणि पोटरी यांना सांधून देहाचा सारा भार मुकाट्याने वाहणाऱ्या घोट्याची आठवण व्हावी ती नव्या सुनेच्या पायांत पैंजण घालताना, ओढा ओलांडून गेलेल्याने पलीकडून "घोट्याइतकेच पाणी आहे, या!" असे ओरडून सांगताना, किंवा मग जिन्याची शेवटची पायरी चुकून पाय मुरगळल्यावर. त्या शेवटच्या प्रसंगी मात्र घरात दुसरा विषय उरत नाही. आंबेहळद उगाळली जाते, लेप गरम होतो, आणि शेजारपाजारचा प्रत्येक जण आपापल्या मुरगळलेल्या पायाची कथा सांगण्यास येऊन बसतो.

पुराणकारांनी मात्र पायाचे मर्म नेमके ओळखले होते. ग्रीकांचा अकिलीस टाचेला बाण लागून पडला. आणि आमच्या या गुजरातच्याच भूमीत, प्रभासक्षेत्री, जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पायालाच लागला. ज्याच्या खांद्यावर अनेकांचा भार, त्याचा घात पायाशी व्हावा, हा योग विचार करण्यासारखा आहे. डोलारा केवढाही उंच असो, तो उभा असतो जमिनीशी.

आज आम्हांला तीन घोट्यांविषयी लिहावयाचे आहे. त्यांतला एक अमेरिकेतला, एक आमच्या बडोद्याचा आणि एक आमच्या शाळेतला. तिन्ही दुसऱ्यांचे, परंतु त्या तिहींनी जेवढी माणसे बेचैन केली, तेवढी स्वतःच्या दुखण्याने क्वचितच होत असतील. दुसऱ्याचा घोटा दुखावला असता आपण नेमके कशासाठी हळहळतो, हा आमचा प्रश्न आहे.

पहिला घोटा कॅन्सस सिटीचा. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त त्या शहरात राहतो, आणि २०२३ च्या जानेवारीत आमच्या वहिनी त्याच्याकडे गेल्या होत्या. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला. "काका, घात झाला! आमचा घोटा गेला!" आम्ही क्षणभर गर्भगळित झालो. वहिनींचे वय सत्तरीकडे झुकलेले, तिकडे सर्वत्र बर्फ. तेव्हा पडल्या त्याच, अशी आमची खात्रीच झाली. चार प्रश्नोत्तरांनंतर उलगडा झाला, की वहिनी सुखरूप असून देवापुढे बसल्या आहेत, आणि ज्याला तो 'आमचा घोटा' म्हणत होता तो पॅट्रिक माहोम्स नावाच्या खेळाडूचा होता. या माहोम्सने आमच्या पुतण्याला जन्मात कधी पाहिलेले नाही.

अमेरिकेतला फुटबॉल हा आपला पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा दोन्ही टोकांना निमुळता. खेळ बहुतेक हातांनी चालतो. प्रत्येक बाजूचे अकरा गडी मैदानात असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा, अशी ती चढाई. या चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो कोणाला द्यावयाचा, किती दूर फेकावयाचा, की स्वतःच घेऊन पळावयाचे, याचा निर्णय त्याने दोनचार क्षणांत घ्यावयाचा, आणि तोही धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना. संघात पन्नासएक खेळाडू असले तरी गावाचा जीव अडकलेला असतो तो या एकात.

२१ जानेवारी २०२३ रोजी कॅन्सस सिटीच्या अ‍ॅरोहेड मैदानावर जॅक्सनव्हिलच्या संघाशी बाद फेरीचा सामना होता. पहिल्याच चरणात प्रतिपक्षाच्या एका गड्याचा सारा भार माहोम्सच्या उजव्या पायावर आला आणि घोटा पिळवटला. नडगीचे मोठे हाड व त्याच्या शेजारचे बारीक हाड यांना घोट्याच्या वर जे बंध एकत्र धरून ठेवतात, ते त्यात दुखावले होते. नेहमीच्या लचकेपेक्षा ही इजा चिवट. ती बरी होण्यास आठवडेच्या आठवडे जातात. माहोम्स लंगडत खेळतच राहिला. शेवटी प्रशिक्षक अँडी रीड यांनी त्याला बजावले, की आत जाऊन क्ष-किरण तपासणी केल्यावाचून पुन्हा मैदानात पाऊल टाकावयाचे नाही. तो इतका संतापला की त्याने अंगावरचा कोट भिरकावून दिला, पण गेला.

पुतण्याच्या घरी त्या वेळी सुतकी कळा पसरली होती म्हणे. जमलेल्या मित्रमंडळींत डॉक्टर एकही नव्हता, परंतु जो तो अस्थितज्ज्ञ झाला होता. पडण्याचे ते दृश्य पुनःपुन्हा लावून, पाय किती अंशांत वळला याची मोजदाद चालली होती. वहिनींनी कोणाला काही न विचारता देवापुढे साखर ठेवली. पुढे फोनवर आम्ही त्यांना थट्टेने विचारले, "वहिनी, त्या मुलाचे नाव तरी तुम्हांला ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, नाव कशाला हवे? त्याची आईही बघत असेलच की कुठेतरी." त्या घरातील दहाबारा माणसांत सामना सोडून त्या मुलाचा विचार करणारी व्यक्ती हीच एक होती, असे आम्हांला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

दरम्यान मैदानात चॅड हेन्नी नावाचा राखीव खेळाडू उतरला. वय ३७ वर्षे. पाच मोसम त्याने बव्हंशी बाकावर बसून काढले होते. त्याच्या वाट्याला चेंडू आला तो स्वतःच्या बाजूच्या दुसऱ्या यार्डावर. म्हणजे जवळजवळ संपूर्ण मैदान ओलांडावयाचे होते. बारा डावांत त्याने संघाला ९८ यार्ड पुढे नेऊन गुण मिळवून दिले. तपासणीत हाड शाबूत निघाल्यावर माहोम्स उत्तरार्धात परतला आणि सामना २७-२० असा जिंकला. आठच दिवसांनी तो सिनसिनाटीविरुद्ध खेळला, आणि शेवटच्या क्षणांत दुखऱ्या पायानेच पळाला. तोही सामना २३-२० असा जिंकला. त्या आठ दिवसांत ज्या साहाय्यक प्रशिक्षिकेने घोट्यावर मेहनत घेतली, त्या ज्युली फ्रायमायर यांचे नाव त्याने विजयानंतर आवर्जून घेतले. १२ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात तोच घोटा पुन्हा दुखावला. मध्यंतराला संघ १४-२४ असा मागे होता. अखेरीस ३८-३५ असा विजय झाला, आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान माहोम्सकडेच आला. हेन्नीने त्या सामन्यानंतर निवृत्ती जाहीर केली.

ही कथा गोड शेवटाची असल्यामुळे सर्वांना आवडते. आम्हांला मात्र तिच्यातले एकच दृश्य राहूनराहून आठवते: रागाने लाल झालेला एक मोठा खेळाडू, आणि सत्तरएक हजार माणसांच्या देखत त्याला "आधी तपासणी" असे सांगणारा एक वयस्क मनुष्य. जिंकणाऱ्याचे पुतळे होतात. थांबवणाऱ्याची आठवण फारशी कोणी ठेवत नाही.

त्याच वर्षी, काही महिन्यांनी, दुसरा घोटा आमच्या गावाच्या वाट्याला आला. हार्दिक पांड्या जन्माने सुरतेकडचा. पण लहानपणीच वडील दोघा मुलांच्या क्रिकेटसाठी बडोद्यास येऊन राहिले, आणि आमच्या किरण मोरे यांच्या अकादमीत ही भावंडे घडली. त्यामुळे बडोदेकर त्याला आपल्या आळीतलाच मुलगा समजतात. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे विश्वचषकाचा बांगलादेशाविरुद्धचा सामना होता. हार्दिक आपले पहिलेच षटक टाकीत होता. तिसऱ्या चेंडूवर समोरून आलेला फटका पायाने अडविण्याच्या नादात त्याचा डावा घोटा मुडपला. उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकून ते षटक पुरे केले.

तेव्हा नवरात्र चालू होते. नवरात्रात बडोद्यात घोट्यांना सोन्याचे मोल येते, हे येथील वाचकांना सांगावयास नको; नऊ रात्री गरबा खेळावयाचा म्हणजे पायाची शाश्वती हवी. त्या रात्री दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत जो तो हार्दिकच्या घोट्याविषयी बोलत होता. "आमचा हार्दिक" हे शब्द आम्ही त्या एका संध्याकाळी मराठीत आणि गुजरातीत मिळून किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. आमच्या बिऱ्हाडासमोरच्या पानवाल्याने तर ठाम मत दिले, की पुढचा सामना तीन दिवसांवर आहे, आणि एवढ्या अवधीत आपला चुलता पाय बसवून देईल.

पुढचा सामना खरोखरच तीन दिवसांनी, २२ ऑक्टोबरला, धर्मशाळेत झाला. हार्दिक नसल्याने संघाची घडी बदलली, आणि पहिले चार सामने बाहेर बसलेल्या मोहम्मद शमीला संधी मिळाली. त्याने ५४ धावांत ५ बळी घेतले. पुढे उपांत्य सामन्यात ५७ धावांत ७. आणि स्पर्धेतील सर्वाधिक २४ बळी त्याच्या नावावर लागले. ४ नोव्हेंबरला हार्दिक स्पर्धेबाहेर गेल्याचे जाहीर झाले, तेव्हा गाव शमीच्या गोलंदाजीत एवढे रमले होते, की ती बातमी कोणी फारशी मनावर घेतली नाही. लागोपाठ दहा सामने जिंकल्यावर १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत अंतिम सामना आपण हरलो, आणि दुसऱ्याच सकाळी पानवाल्याच्या ठेल्याशी तो घोटा पुन्हा जिवंत झाला. "हार्दिक असता तर!"

याही पुढचा भाग आम्हांला अधिक बोलका वाटतो. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक गुजरातचा संघ सोडून मुंबईकडे गेला आणि रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला. दुखापतीनंतरचे ते त्याचे पुनरागमन. २४ मार्चला अहमदाबादेत आणि १ एप्रिलला मुंबईच्या वानखेडे मैदानावर त्याची यथेच्छ हुर्यो उडविण्यात आली. वानखेडेवर तर नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची समज द्यावी लागली. पाच महिन्यांपूर्वी ज्याच्या पायासाठी देव पाण्यात ठेवले होते, त्याला आता मान वर करून उभे राहणे कठीण करण्यात आले. मग २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउन येथे विश्वचषकाचे अखेरचे षटक त्याच हार्दिकच्या हाती आले. दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. भारत ७ धावांनी जिंकला. जुलैत तो बडोद्यास आला तेव्हा रस्ते माणसांनी फुलून गेले होते. आम्हीही गॅलरीत उभे होतो. हुर्यो करणाऱ्या आणि फुले उधळणाऱ्या हातांत काही हात तरी तेच असतील, असा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

मग आम्ही हळहळलो ते कशासाठी? माणसासाठी म्हणावे, तर माणूस एप्रिलमध्येही तोच होता. घोट्यासाठी म्हणावे, तर त्याचा विसर तीन दिवसांत पडला. आम्हांला वाटते, चाहता आपला मनोरथ दुसऱ्याच्या पायावर उभा करतो आणि त्या पायाला आपला म्हणू लागतो. पाय लचकला की त्याची कळ याला जाणवते, हे खोटे नाही. आमच्या पुतण्याचे डोळे खरेच भरून आले होते. पण ती कळ मनोरथाची असते. दुसरा बळकट पाय मिळाला की मनोरथ तिकडे सरकतो, आणि पहिला पाय ज्याचा त्याच्यापाशी उरतो. यात चाहत्यास दोष देण्याचे आमच्या मनात नाही. जो गावापासून दूर राहतो, ज्याला तिथली भाषा नि तिथले सण परके आहेत, त्याला 'आमचा' म्हणावयास काहीतरी लागते. कॅन्सस सिटीत आमच्या पुतण्याचे जे चार शेजारी त्याच्या घरी येऊन चहा पितात, ते या खेळाच्या निमित्तानेच. बडोद्याच्या मराठी माणसाला हे निराळे सांगावे लागू नये. आपणही पिढ्यान्पिढ्या अशीच निमित्ते जोडीत येथे मूळ धरले.

मात्र हा मनोरथ मुलांच्या पायांवर उभा राहतो, तेव्हा गंमत संपते. तिसरा घोटा म्हणूनच आमच्या जिव्हारी लागलेला आहे.

त्याच २०२३ च्या डिसेंबरात आमच्या सरकारी शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ प्रथमच अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. आमच्या मुलींत मजुरांच्या, रिक्षावाल्यांच्या, धुणीभांडी करणाऱ्या बायांच्या लेकी. काहींनी बूट पहिल्यांदा घातले ते या स्पर्धेसाठी. संघाची सारी भिस्त आठवीतल्या एका मुलीवर. खुंटाला वळसा घालून ती अशी सटके, की पाठलाग करणारी थांबून बघतच राही. उपांत्य सामन्यात अशाच एका वळशात तिचा घोटा मुरगळला. तासाभरात तो लिंबाएवढा सुजला, आणि अंतिम सामना त्याच दिवशी दुपारी होता.

खेळशिक्षक म्हणाले, "सर, पट्टी आवळून बांधतो. एका पाळीचा तर प्रश्न आहे." जमलेल्या पालकांपैकी एकाने अनिल कुंबळेचा दाखला दिला: २००२ साली अँटिग्वात मोडलेला जबडा बांधून त्याने गोलंदाजी केली आणि लाराला बाद केले. मुलीचे वडील रिक्षा चालवितात, ते हात जोडून म्हणाले, "साहेब, खेळू द्या. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणाचे नाव निघते आहे." आणि खुद्द ती मुलगी, डोळे पुसत, "सर, मी पळेन. मला दुखत नाही." आम्ही तिला दुखऱ्या पायावर उभी राहावयास सांगितले. ती उभी राहिली. ओठ दातांत धरून ती दहा आकडे मोजेपर्यंत उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कुंबळे एकतिशीचा होता, आपले बरेवाईट जाणत होता, आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. माहोम्सला क्ष-किरण यंत्र मैदानातच होते, आणि आठ दिवस त्याच्याच घोट्यावर राबणारी माणसे होती. आमच्याजवळ होते एक पट्टी, शेजारच्या सरबतवाल्याकडून आणलेला बर्फ, आणि तेरा वर्षांची एक मुलगी, जिला 'नाही' म्हणणे ठाऊक नव्हते. तिच्या वतीने ते कोणीतरी म्हणणे भाग होते. आम्ही म्हटले.

तिच्या जागी सातवीतली एक किडकिडीत मुलगी उतरली. ती जिवाच्या आकांताने पळाली, आणि मिनिटभरात बाद झाली. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. परतताना गाडीत कोणी आमच्याशी बोलले नाही. पुढे कितीतरी दिवस शाळेच्या फाटकाशी "मोठ्या सरांनी करंडक घालविला" असे शब्द आमच्या कानी येत राहिले. हाड मोडलेले निघाले असते, तर लोकांनी आमचे कौतुक केले असते. तसे काही घडले नाही. तपासणीत साधी लचक निघाली, आणि तीन आठवड्यांनी ती मुलगी प्रार्थनेच्या रांगेत दोन्ही पायांवर सरळ उभी होती. ती त्या दुपारी खेळली असती तर जिंकलोही असतो कदाचित. हे आम्ही नाकारीत नाही. तरीही तोच प्रसंग पुन्हा आला, तर आम्ही तेच करू.

त्या तीन आठवड्यांत तिच्या घरी तिची विचारपूस करावयास कोण कोण गेले, याची आम्ही मुद्दाम चौकशी केली. पट्टी आवळून बांधा म्हणणाऱ्यांपैकी फारसे कोणी नव्हते. रोज संध्याकाळी न चुकता जात होती ती सातवीतली किडकिडीत मुलगी. हिच्या पायाला तेल लावून देई, आणि खुंटाला वळसा घालताना पाऊल कसे टाकावयाचे ते हिच्याकडून शिकून घेई. पुढल्या वर्षी दोघी मिळून खेळल्या.

लहान मूल पडले की आपल्या घरांतून वडीलधारी माणसे प्रथम धावून जातात, पाय चोळतात, आणि मग "मुंगी मेली, मुंगी मेली" म्हणून त्याला हसवितात. सांडलेले दूध आणि फुटलेली वाटी यांचा विचार नंतर होतो. हा क्रम आपल्याला कोणी पुस्तकातून शिकविलेला नाही. खेळाच्या मैदानावरही तो राखता आला, तर आपल्या टाळ्यांना काही अर्थ राहील. कोणीतरी पुन्हा पडणारच आहे. कदाचित येत्या रविवारीच, वाचकहो, तुमच्या समोरच्या पडद्यावर. त्या वेळी आमच्या वहिनींप्रमाणे देवापुढे साखर ठेवावी असा आमचा आग्रह नाही, पण "आता सामन्याचे काय?" असे तोंडून निघण्यापूर्वी "फार लागले का हो त्याला?" एवढे तरी निघावे.